कडीसकट

मकिना गिरगिरच्या गल्लीत शिलाई यंत्रं सकाळपासून बोलत असतात,
म्हणून नाणं वाजवायला मी मागच्या खोलीत जातो.
तिथे वडिलांचा दगड आहे, काळा, मधोमध खळगा पडलेला.
साठ वर्षं त्यावर चांदी आपटते आहे.
खोटं नाणं थप्प म्हणतं आणि गप्प बसतं.
खरं, आपण हात काढून घेतल्यावरही
थोडं बोलत राहतं.

दुर्सितू बाबिलेहून आली, पहिल्या बसनं.
पोराला बजाज रिक्षात चौथा हिस्सा घ्यायचाय, म्हणाली,
हरारमध्ये आता सगळी पोरं तेच करतात.
मग मूठ उघडली.
एकच थेलर. वर डाख देऊन बसवलेली कडी,
जाड, खेड्यातल्या सोनाराच्या हातची.

भिंग लावलं.
साल सतराशे ऐंशी. ते सगळ्यांवरच असतं.
राणी त्या साली मेली, आणि टांकसाळी
तिच्या मरणाच्या वर्षातून बाहेरच पडल्या नाहीत.
परवा पाडलेलं नाणंही सतराशे ऐंशीचं.
साल वाचू नकोस, वडील म्हणायचे, मोती मोज.
खांद्यावरच्या पिनेत नऊ हवेत.
सात दिसले.
उरलेले दोन नखाला लागले.

राणीचं नाक गेलं होतं.
हातोहात फिरलेलं नाणं दोन्ही अंगांनी झिजतं.
हे एकाच अंगानं गुळगुळीत,
कुणाच्या तरी छातीवर, ज्वारी दळताना,
पुढे-मागे, पुढे-मागे.
आमच्या धंद्यात याला एकच शब्द आहे, झीज,
आणि त्याच्यापुढे एक आकडा, तोही उणे.

जानेवारीत एक ऑस्ट्रियन येतो, हेर ल्योशनर.
पांढरे हातमोजे घालतो.
कडी दिसली की भुवई वर जाते आणि भाव निम्म्यावर येतो.
कडी कापून, कानस मारून, वर काजळी चोळून
दोन नाणी मी त्याला विकली आहेत.
खोटं कशाला बोलू.

तागडीत टाकलं. कडीसकट तीस ग्रॅम.
फोनवर चांदीचा भाव पाहिला, दोनदा,
जणू दुसऱ्यांदा पाहिल्यावर तो मला वाचवणार होता.
‘दोन हजार तीनशे बिर्र,’ म्हणालो. ‘कडीमुळे.’
‘कडीमुळे?’ ती म्हणाली,
‘कडी होती म्हणून तर हरवलं नाही.’

मी कॉफी मागवली.
तिनं नाणं आडवं धरलं,
काठावरची उठावाची अक्षरं अंगठ्यानं चाचपत नेली
पार पहिल्या अक्षरापर्यंत.
‘इथे काय लिहिलंय?’
लॅटिन आहे, म्हणालो. न्याय आणि दया.
तिनं कप खाली ठेवला.
‘मग दोन्हीचे द्या.’

हसलो. काय करणार.
दोन हजार नऊशेला तुटलं.
न्याय पुरता आणि दया जेमतेम,
की उलटं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.
ल्योशनर इतके देणार नाही.
कडी मी कापणार नाही असंही मी तिला म्हणालो नाही,
आणि तिनं विचारलंही नाही.
नोटा तिनं उंबऱ्यात उभं राहून मोजल्या, तीनदा.
मीही मनातल्या मनात मोजत होतो.

जायला वळली, ओढणी खांद्यावर टाकली,
तेव्हा पदराच्या गाठीतून आवाज आला.
शेजारची यंत्रं नेमकी थांबली होती.
बारीक, खणखणीत, एकाहून अधिक.
पाच असतील. सहा.
अख्खी माळ होती तिच्यापाशी, सकाळपासून.

तिनं फक्त एक टाकून पाहिलं होतं
माझ्यावर,
आणि कान देऊन बसली होती
कॉफी संपेपर्यंत.

उद्या येते, असं म्हणाली नाही.
बाबिलेची शेवटची बस साडेपाचला सुटते.
दगड पुसून ठेवलाय.